गाडीचं विचारा: हौद्यात उजेड पाडायचाय

प्रश्न: माझी बोलेरो पिकअप आहे, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो नेतो. पहाटे अंधारात क्रेट भरायचे म्हणजे मोबाईलची बॅटरी तोंडात धरावी लागते. हौद्यात एलईडी पट्टी लावायचा विचार आहे. ओळखीचा वायरमन म्हणतो टेललाइटच्या वायरला जोडून देतो, दहा मिनिटांचं काम. जोडू का? आणि गाडीची बॅटरी उतरेल का?

उत्तर: नका जोडू. वायरमनचं काम दहा मिनिटांत होईल हे खरंय, पण टेललाइटची वायर बारीक असते, ती एका छोट्या बल्बच्या हिशोबाने टाकलेली असते, आणि उद्या पावसात तुमची पट्टी शॉर्ट झाली की फ्यूज उडणार आणि पट्टीबरोबर टेललाइटही जाणार. रात्री हायवेला भरलेली पिकअप मागून दिसतच नाही, मग मागच्याने काय करायचं? शिवाय अशा जोडणीत क्रेट भरताना दरवेळी पार्किंग लाइट चालू ठेवावा लागेल ते वेगळंच.

सरळ बॅटरीवरून वेगळी वायर ओढा. मीटरला साधारण 5 वॉट खाणारी 12 व्होल्टची पट्टी मिळते, 5 मीटरचा रोल दोन्ही बाजूंना पुरतो, म्हणजे झाले 25 वॉट, म्हणजे 2 अँपिअरच्या आसपास. एवढ्याला 1 स्क्वेअर एमएमची वायर आणि 5 अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. फ्यूज मात्र बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच बसवा. बरेच जण तो स्विचजवळ सोयीने बसवतात, पण फ्यूज असतो वायर वाचवायला, मधली सगळी वायर फ्यूजच्या आधी राहिली आणि कुठे चॅसीला घासून सोलली तर ती जळेपर्यंत कुणी थांबवणार नाही. आणि कधी कडबा भरत असाल तर विचारूच नका.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. वायर चॅसीच्या कडेने फ्लेक्सिबल पाइपातून न्या, सायलेन्सरपासून लांब, आणि पत्र्यातून भोक पाडाल तिथे रबराचं ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, हवंच. अर्थिंगच्या, म्हणजे पट्टीची मायनस वायर चॅसीला जोडायच्या, जागेचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट आवळा, वरून थोडं व्हॅसलीन लावा. लाइट मिणमिणतो म्हणून जी पत्रं येतात त्यात बहुतेकदा अर्थिंगच ढिलं निघतं, पट्टीला उगाच शिव्या. जोड पिळून काळी टेप गुंडाळू नका, क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत घालून पकडीने दाबून, वर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, हादरे बसत असतात हो.

पट्टी सिलिकॉन चढवलेली, आयपी 67, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी घ्या, कारण हौदा पाण्याने धुतला जातो. तिच्या मागच्या चिकटपट्टीवर अजिबात भरवसा ठेवू नका, धूळ आणि उन्हात ती सुटतेच. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये घालून चॅनल रिव्हेट करा. जागा बाजूच्या पत्र्याच्या वरच्या कडेखाली नको, दोन थर लागले की उजेड क्रेटमागे गडप! ताडपत्रीच्या सांगाड्याचा वरचा पाइप उत्तम. फाळक्यावर तर मुळीच नको, रोज उघडझाक होऊन बिजागरीपाशी वायर तुटते. आणि निळसर पांढरा उजेड घेऊ नका, साधारण 4000 केल्विनचा, म्हणजे निळसर झाक नसलेला घ्या, टोमॅटोचा रंग बरा कळतो आणि किडेही थोडे कमी येतात.

आता बॅटरीचं. भरायला तास-दीड तास लागला तर काही होत नाही. पण रात्रभर विसरलात तर 10 तासांत 20 अँपिअर-तास गेले, जुनी बॅटरी असेल तर पहाटे डिझेल इंजिन फिरणार नाही, मग ढकला. म्हणून स्विच मागे लावला तरी डॅशबोर्डवर एक बारका लाल दिवा जोडून घ्या, पट्टी चालू तर तो चालू.

प्रश्न: माझा छोटा हत्ती आहे, महिन्यातून एखाद्या वेळीच रात्री माल असतो. एवढं सगळं करू का?

उत्तर: कशाला! मॅग्नेटवाला चार्जिंगचा एलईडी दिवा घ्या, लोखंडी पत्र्याला चिकटवा, काम झालं की काढून केबिनमध्ये टाका. वायर नाही की फ्यूज नाही. फक्त गाडी निघण्याआधी काढा, खड्ड्यात मॅग्नेट सुटतो.

प्रश्न: हौद्यात रंगीत पट्ट्या लावल्या तर पोलीस पकडतात का?

उत्तर: केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे गाडीच्या मागे लालखेरीज दुसरा उजेड दिसता कामा नये, सवलत आहे ती इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा, रिव्हर्स लाइट अशा मोजक्यांना आणि गाडीच्या आतल्या दिव्याला. उघड्या हौद्यातली निळी-हिरवी पट्टी चालत्या गाडीत मागच्याला दिसणारच, तेव्हा ती आत आहे हा वाद रस्त्यात घालत बसू नका. पांढरी असली तरी गाडी उभी असतानाच लावा. उजेड भरण्या-उतरवण्यापुरता आहे, लग्नाच्या वरातीला वेगळी गाडी सांगा.