कुत्रा तयार होईल हो, गेटचं आधी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि अगदी आमच्या घरचंच कोणीतरी लिहिलंय असं वाटलं. तीन आठवडे ऑनसाइट (कामासाठी बाहेरगावी), घरात तुम्ही एकटे, माळ्यावरून बॅग खाली काढली की तुमचा कुत्रा सिंबा दारात आडवा पडून कुईकुई करतो, आणि प्रश्न हा की त्याला बोर्डिंगमध्ये (कुत्रे सांभाळणाऱ्यांकडे) ठेवू की घरी कोणाला आणून ठेवू. आमचा खंड्या (देशी, रस्त्यावरून आणलेला) हेच करायचा. लसी, खाणं, पट्टा वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडते. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही, त्यामुळे हे सगळं माझ्या कुत्र्यापुरतं खरं धरा.

आधी एक तपासा. त्याला एकटं राहणं जमत नाही, की *तुम्ही* नसणं? एक दिवस शेजारच्या काकूंना घरात बसवा, तुम्ही बाहेर जा, जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावून बघत बसा. काकूंच्या पायाशी झोपला तर निम्मं काम झालं, फक्त घर रिकामं राहू द्यायचं नाही. काकू असूनही दाराशीच बसला तर मात्र जो माणूस राहायला येणार आहे त्याने आत्तापासून येऊन संध्याकाळचं फिरवणं आणि जेवण द्यायला लागावं, शेवटच्या दिवशी ओळख करून देण्यात काही अर्थ नाही.

बॅग आजच खाली काढा आणि हॉलमध्ये तशीच पडू द्या. बूट घाला आणि टीव्ही बघत बसा. किल्ली उचला, चहा टाका, किल्ली परत ठेवा. बाहेर जाणं दोन मिनिटांपासून सुरू करा, आणि तो रडायला लागायच्या आत परत या, हे महत्त्वाचं. "रडू दे, होईल सवय" सांगणारे खूप भेटतात, माझं स्पष्ट मत आहे की त्यांचं ऐकू नका. तो हट्ट नसतो, घाबरलेला असतो, आणि दर वेळी तसाच घाबरला तर तेच पक्कं होतं. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने तर अजिबात नको, काही औषधांनी कुत्रा नुसता गळून पडतो, आतली भीती तशीच राहते. लागलंच तर डॉक्टर ठरवतील.

आता माझं दुखणं. हे सगळं आम्ही केलं होतं. खंड्या दुपारभर एकटा छान झोपायला लागला होता, सिटर मुलगी (घरी राहून कुत्रा सांभाळणारी) त्याच्या इतकी ओळखीची झाली होती की तिची स्कूटी वाजली की शेपूट सुरू. मी दुपारी मुंबईला निघाले, ती संध्याकाळी राहायला येणार होती. ती आली तर आमच्या सोसायटी ऑफिसने त्याच आठवड्यात नवीन नियम काढलेला, घरात काम करणाऱ्या कुणालाही पोलिस व्हेरिफिकेशनशिवाय आत सोडायचं नाही आणि फ्लॅटच्या मालकाने समक्ष येऊन सही करायची. सोसायटीच्या गेटच्या ॲपवर परवानगी मागितली ती माझ्या फोनवर, मी विमानात. मुलीने ऑफिसला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम आल्या की सही करू दे". अहो मॅडम हवेत आहेत, म्हणून तर ती आलीये ना! वॉचमनला काय बोलणार, त्याची नोकरी आहे. शेवटी रात्री उशिरा वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरले आणि भांडून तिला आत घेऊन गेले. तोवर घरभर शू, दाराची चौकट ओरबाडलेली, आणि कित्येक आठवड्यांची मेहनत एका रात्रीत गेली. नंतर बरेच महिने लिफ्टचा आवाज आला तरी तो थरथरायचा. ऑफिसने साधं सॉरी म्हटलं नाही, वर मेंटेनन्सच्या बिलासोबत नियमांची प्रत पाठवली.

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या गाइडलाइन्स आहेत, हे सगळे सांगतात. पण गाइडलाइन्स दाखवून रात्री गेट उघडत नाही. त्यामुळे ऑफिसला आधीच ईमेल करा, सिटरचं नाव, फोटो, तारखा, आणि त्यांचं लेखी उत्तर घ्या, "हो हो होऊन जाईल" चालणार नाही. ॲपमध्ये बिल्डिंगमधल्या एका विश्वासातल्या माणसाला तुमच्या फ्लॅटवर जोडा, म्हणजे परवानगीचा फोन त्यांना जाईल. एक किल्ली त्यांच्याकडेच. आणि दिवसाच्या, रात्रीच्या दोन्ही वॉचमनना सिटर सिंबाला घेऊन फिरताना दिसू द्या.

तसंच एक पत्र डॉक्टरांकडे: तुम्ही नसताना निर्णय कोण घेणार, किती खर्चापर्यंत न विचारता उपचार करायचे, भूल द्यायला परवानगी आहे का. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला ते सिटरला सोबत नेऊन दाखवा.

बोर्डिंगच ठरलं तर आधी एक रात्र ठेवून बघा, आणि "पहिले काही दिवस फोन करू नका" म्हणणाऱ्यांकडे मी तरी ठेवणार नाही. खोकल्याची नाकात टाकायची लस ते मागतात, ती आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही. व्हिडिओ कॉलचं म्हणाल तर आमचा आवाज ऐकून खंड्या जास्तच शोधाशोध करायचा, म्हणून मी फक्त सिटरकडून फोटो मागवायचे, तुमच्याकडे वेगळं असेल.

तारखा गणपतीत येत नाहीत ना? पुण्यात लक्ष्मी रोडच्या जवळपास राहत असाल तर विसर्जनाला त्याला तिथे ठेवूच नका, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या ढोलांत माणूस हादरतो. आणि पावसाळ्यात मुळशी-वाघोलीकडच्या फार्मवर ठेवलात तर गोचिडाची गोळी देऊनच पाठवा. तुम्ही परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत खाणं कमी झालं, ताप वाटला, तर "माझ्यावर रुसलाय" म्हणून सोडून देऊ नका, टिक फिव्हर (गोचीड चावून येणारा ताप) उशिराच दिसतो, सीबीसी (रक्ताची तपासणी) करून प्लेटलेट्स बघून घ्या.