आय-कार्ड गळ्यात आहे तोवर

अरे,

रात्री साडेबाराला मेसेज टाकलास, 'ताई लास्ट इयर आहे, काय काय करून घेऊ', आणि खाली तुमच्या ग्रुपने बनवलेली यादी. गोवा, लोहगडचा नाइट ट्रेक, एक अख्खा आठवडा बंक, टॅटू. ते सगळं कर बाबा, टॅटूचं तेवढं आईला आधी सांग आणि त्यात माझं नाव आणू नकोस. माझी यादी वेगळी आहे आणि जरा बोअर आहे. व्हॉइस नोटच पाठवणार होते, पण ठाण्याला नऊ-दहा नंबरवर पनवेल गाडीची वाट बघत उभी आहे, इथे माझाच आवाज मला ऐकू येत नाहीये, म्हणून टाइप करतेय. टायपो सांभाळून घे.

तुझ्या गळ्यात ते आय-कार्ड आहे ना, ज्यावरचा फोटो बघून सगळे हसतात, ते अजून काही महिनेच चालणार आहे. आणि ते चालू असताना 'मी स्टुडंट आहे, जरा बघायचं होतं' एवढं म्हटलं की लोक कुठेही आत घेतात, हे मला फार उशिरा कळलं.

मी टीवायला असताना प्रोजेक्ट होता पाण्याच्या टेस्टिंगवर. मी आणि मैत्रीण, दोघी एका दुपारी रबाळे एमआयडीसीत उतरलो आणि एका छोट्या लॅबच्या गेटवर गेलो. ओळख नाही पाळख नाही. वॉचमनला कार्ड दाखवलं, त्याने वर फोन केला, एक सर खाली आले आणि म्हणाले या. पुढचे तीन तास त्या माणसाने आम्हाला सगळं दाखवलं, कंपन्यांचं सांडपाणी येतं ते कसं ठेवतात, पाण्यातली घाण मोजायच्या सीओडी टेस्टला दोन तास उकळत ठेवायला लागतं तोवर चहा पिऊन घ्यायचा वगैरे. आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात त्याची टेस्ट. आम्ही पुस्तकातलं घोकलेलं, 20 डिग्रीला पाच दिवस, तर ते हसले, म्हणाले आपल्याकडे 27 डिग्रीला तीन दिवस करतात, आपली हवा गरम, आपलं स्टँडर्डही तसंच आहे. पुढे इंटरव्ह्यूला नेमका हाच प्रश्न आला, आणि माझ्या आधीच्या चौघांनी पाच दिवस सांगितलं होतं.

आता दुसरा भाग ऐक. डिग्री मिळाल्यावर मी त्याच गेटवर गेले, चांगले कपडे घालून, फाइल घेऊन. वॉचमनही तोच. म्हणाला, सीव्ही त्या बॉक्समध्ये टाका. चूक त्याचीही नाही म्हणा, नोकरी मागायला रोज पन्नास येतात, बघायला कोण येतं?

तू कॉमर्सचा, तर तुझं रबाळे म्हणजे नौपाडा-पाचपाखाडीतली सीएंची छोटी ऑफिसं. जाऊन विचार, आठवडाभर नुसतं बसू का, काम द्या नाहीतर नका देऊ. फक्त महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास जाऊ नकोस, एक जीएसटीआर-1ची आणि दुसरी 3बीची, दोन्ही जीएसटी रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा, त्या दिवसांत ही माणसं घरचासुद्धा फोन घेत नाहीत. महिन्याच्या शेवटी शेवटी जा. पर्चेसची बिलं आणि जीएसटी पोर्टलवरचं टूबी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, जुळवत बसलेला पोरगा बघितलास की तुला कळेल इनपुट क्रेडिट म्हणजे नक्की काय भानगड आहे, आणि एक्सेल खरंच किती यायला लागतं. व्हीलूकअप येतं असं सीव्हीत लिहिणारे खूप आहेत, दोन हजार ओळींत एक बिल का जुळत नाही ते शोधून देणारे कमी.

मग टीचर्स. तुझ्या ज्या मॅम छान शिकवतात म्हणतोस त्या परमनंट आहेत की सीएचबीवर, माहितीये का? तासिका तत्त्वावर असतील तर पुढच्या जूनला त्या त्याच कॉलेजात असतील याची गॅरंटी त्यांना स्वतःलाच नसते. रेकमेंडेशन लेटर लागेल तेव्हा बघू, असं करू नकोस. आत्ताच भेट, आणि नुसतं लेटर द्या म्हणून मागू नकोस, तू काय काय केलंस ते एका कागदावर लिहून ने, त्यांना शंभर पोरं असतात, तुझा प्रोजेक्ट कशावर होता ते त्यांनी का लक्षात ठेवावं? त्यांचा पर्सनल मेल आयडी पण घे, कॉलेजचा बंद होतो.

आता कागदपत्रं, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. माझ्या मार्कशीटवर आईच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं. पहिल्या सेमपासून सहाव्यापर्यंत सगळीकडे, कारण एफवायला फॉर्म मीच घाईत भरलेला. तीन वर्षं दर वेळी मी फक्त मार्क बघितले. कॉलेजात असताना एका अर्जाचं काम होतं, ऑफिसमधले काका स्वतः म्हणाले असते आण इकडे. पास झाल्यावर कळलं तेव्हा अ‍ॅफिडेव्हिट, सगळ्या सहा ओरिजिनल्स, हाफ डेच्या रजा, आणि प्रत्येक खिडकीवर 'मग आधी का नाही बघितलं' हे ऐकून घ्यायचं, ज्याला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. तर आज रात्री सगळ्या मार्कशीट्स काढ, आधारशेजारी ठेव, आणि तुझं, बाबांचं, आईचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाच. डिजिलॉकरमध्ये आणि एबीसी आयडीवर (क्रेडिट्स जमा होतात ते खातं) पण तेच बघ. एखादी केटी, म्हणजे राहिलेला विषय, असेल तर ती या वर्षातच उडव, आणि रीव्हॅल्युएशनची मुदत चुकवू नकोस, ती बघता बघता निघून जाते. एमबीए-लॉ काही डोक्यात असेल आणि कास्ट व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर लागणार असेल तर अर्ज आत्ताच टाक, अ‍ॅडमिशनच्या महिन्यात तहसीलला जे होतं ते होतं. गेलास की मामलेदारची मिसळ खाऊन ये, मीडियम घे, तिखटचा शहाणपणा नको.

बाकीचं पटापट. लोकलच्या पासचं कन्सेशन मिळतंय तोवर घे, निम्म्या भाड्यात जातोस याची किंमत पहिल्या पगारात कळते. लर्निंग लायसन्स काढ, तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते आणि सहा महिन्यांत द्यायलाच लागते, नोकरी लागली की त्यासाठी रजा टाकायची लाज वाटते. कॅम्पसला काही झालं नाही तर रडत बसू नकोस, अप्रेंटिसशिप बघ, तो कायदा 1961चा आहे पण 2014मध्ये बदलला तेव्हापासून बीकॉम-बीएवाल्यांनाही दार उघडं आहे, स्टायपेंड मिळतो. पासपोर्टचं तुझं तू ठरव, मला अजून लागला नाही.

आणि लायब्ररी. कॉलेजची तर वापरच, पण आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893चं आहे आणि तू त्याच्या शेजारून तलावपाळीला आइस्क्रीम खायला शंभरदा गेला असशील. एकदा आत जा. सीव्हीसाठी काही उपयोग नाही त्याचा.

गाडी आली. रविवारी सकाळी कळव्याला ये, अकराच्या आधी, नंतर मी झोपते. आत्तापर्यंतच्या सगळ्या मार्कशीट्स घेऊन ये म्हणजे दोघं मिळून वाचू. ओरिजिनल्स आणू नकोस, झेरॉक्स आण, मागच्या वेळी टेबलावर चहा तूच सांडला होतास.

ताई