४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का? ६५,५३६ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून न पाहता हे ठरवता येईल का?

ही संख्या मूळ नाही; ६४१ आणि ६७,००,४१७ या दोन मूळ संख्यांचा तो गुणाकार आहे. तुम्ही म्हणता त्या मर्यादेपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत, पण त्यांच्या वाटेला जाण्याची गरज नाही, कारण ही संख्या म्हणजे २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या आहे आणि तिच्या या घडणीतूनच उत्तर निघते.

ज्याचा घातांक स्वतः २ चा घात आहे अशा २ च्या घातात १ मिळवला की मूळ संख्याच मिळते, असे सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होते; म्हणून अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. सहावी मात्र तुमची संख्या, आणि ती मूळ नसल्याचे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. (त्यानंतर आजतागायत अशी सहावी मूळ संख्या कोणालाही सापडलेली नाही.)

या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीहून १ ने मोठा असतो, हे ऑयलरचे. ६४ च्या जागी १२८ घेता येतात, ही ल्युकाने पुढे केलेली सुधारणा. म्हणून तपासायच्या संख्या १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशा येतात. त्यांतील १२९, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत. २५७ ही स्वतःच फर्मा संख्या आहे आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. म्हणजे पहिलाच खरा भागाकार ६४१ ने करायचा, आणि तो निःशेष जातो.

मला तर तो भागाकारही टाळणे अधिक आवडते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, तसेच ६२५ + १६, म्हणजेच ५ आणि २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ च्या जागी −१ घेता येतो. दोन्हींचा चौथा घात केल्यास ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याच्या जागी १ येतो. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी −१६ घेतल्यास डावीकडे उणे २ चा ३२ वा घात उरतो, म्हणजे त्या घातात १ मिळवल्यावर बाकी शून्य राहते.

६७,००,४१७ मूळ असल्याची खात्रीही याच नियमाने होते. तिचे वर्गमूळ सुमारे २,५८८ आहे आणि ६४१ पासून तिथपर्यंत या नियमात बसणाऱ्या मूळ संख्या ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्याच. चारही भागाकारांत बाकी उरते.

एक परिणाम भूमितीतलाही आहे. इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही. बाजू दोनच कमी केल्या, तर ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचा नेमका गुणाकार ठरते आणि तेवढ्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो.