एसजीपीटी नॉर्मल आलं, मग लिव्हर बरं आहे का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, वय ४७, वजन ८४ किलो. कॉलेजला असताना तालमीत जायचो, दुकान सुरू केल्यापासून तालीम सुटली पण जेवण तेवढंच राहिलं. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली तर त्यात ग्रेड वन फॅटी लिव्हर निघालं. दारूचा थेंब घेत नाही. आता एका लॅबवाल्यानं रक्ताचं मोठं लिव्हर पॅकेज करा म्हणून सांगितलंय, बरेच पैसे जातील. एसजीओटी ३८, एसजीपीटी ४९ आणि प्लेटलेट २.१० लाख, एवढं आधीच करून झालंय. पॅकेज करू का?

उत्तर : दादा, पॅकेज राहू दे. जे तीन आकडे तुम्ही लिहिलेत ना, त्यात तुमचं वय घातलं की तुम्हाला पाहिजे ते बरंचसं कळतं. (एसजीओटी आणि एसजीपीटी ही पेशींतली एन्झाइम, पेशींना इजा झाली की रक्तात वाढतात.)

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. लिव्हरच्या शंभरातल्या पाचपेक्षा जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, पण साध्या सोनोग्राफीत ती खात्रीनं दिसते ती साधारण वीस-तीस टक्क्यांच्या पुढं गेल्यावर. मग त्याच्या आधी रक्तातनं कळावं म्हणून बरीच वर्षं शोध चाललाय. लिव्हरच्या पेशी मरताना सीके-१८ नावाच्या प्रोटीनचे तुकडे रक्तात सोडतात, ते मोजून बघितलं, पण आजारी माणसाचे आणि बऱ्या माणसाचे आकडे एकमेकांत एवढे मिसळतात की एकट्या माणसापुढं रिपोर्ट ठेवून हो का नाही सांगता येत नाही. ईएलएफ म्हणून एक टेस्ट आहे, त्यात हायल्युरॉनिक अॅसिडसकट तीन पदार्थ मोजतात, ती चांगली आहे, पण ती सांगते लिव्हरमध्ये व्रण किती पडलेत ते, सुरुवातीची चरबी नाही. थोडक्यात, फक्त रक्तावरनं सुरुवातीची चरबी पक्की पकडणारी एकच एक टेस्ट आज नाही, आणि तशी आहे म्हणून कोण विकत असेल तर घेऊ नका.

आणि खरं सांगायचं तर भीती चरबीची कमी आणि व्रणांची जास्त. पुढं कुणाचं लिव्हर बिघडणार हे सगळ्यात जास्त ठरतं ते त्या व्रणांवर, ज्याला आम्ही फायब्रोसिस म्हणतो. ते आहेत का याचा पहिला अंदाज घ्यायला फिब-फोर नावाचं गणित आहे. २००६ साली ते एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या पेशंटसाठी काढलं होतं, नंतर फॅटी लिव्हरला पण उपयोगी पडतंय असं दिसलं. तुमचंच करूया. वय गुणिले एसजीओटी, ४७ गुणिले ३८, झाले १७८६. एसजीपीटीचं वर्गमूळ, ४९ चं ७. प्लेटलेट आपल्याकडं लाखात छापतात, इथं ते हजारात घ्यायचे, म्हणजे २१०. (२.१० तसंच घातलं तर उत्तर शंभरपट येतं आणि घरात उगाच रडारड सुरू होते.) २१० गुणिले ७ झाले १४७०. आता १७८६ भागिले १४७०, आलं १.२१. १.३ च्या खाली असलं की मोठे व्रण असायची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं की लिव्हरच्या डॉक्टरकडं जायचं, मधलं असलं की फायब्रोस्कॅन, म्हणजे बाहेरनं यंत्र टेकवून लिव्हर किती कडक झालंय ते मोजायचं. तुम्ही खालच्या गटात आहात, दोन-तीन वर्षांनी परत बघा. पण उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) राहिलं असेल तर पॅकेजच्या पैशातनं ते करा, कारण फॅटी लिव्हर बहुतेक वेळा शुगरचा हात धरूनच येतं. शुगर निघाली तर मात्र हे गणित वर्ष-दोन वर्षांनी करायचं.

वजनाचं बोलू. ८४ मधले चार-पाच किलो गेले तरी लिव्हरमधली चरबी उतरायला लागते, सात-आठ किलो गेले तर सूज पण कमी होते आणि काहींचे व्रणसुद्धा मागं हटतात. तांबडा-पांढरा रविवारी खा, पण त्याबरोबर भाताचं दुसरं-तिसरं वाढप नको, आणि रोजचा उसाचा रस, कोल्ड्रिंक, दिवसाला पाच-सहा कप गोड चहा हे आधी बंद करा, लिव्हर त्या साखरेची सरळ चरबी करतं. कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणायची, बायकांना ८०.

प्रश्न : आईचं वय ५८, दहा वर्षं शुगर आहे, अंगानं बारीक. गावातल्या लॅबचा रिपोर्ट सगळा नॉर्मल आलाय, एसजीओटी ३६, एसजीपीटी २५, प्लेटलेट १.६० लाख. एकाही आकड्यापुढं खूण नाही. तरी डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन सांगितलाय. गरज आहे का? (गडहिंग्लजहून एक ताई)

उत्तर : आहे ताई, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनी अगदी बरोबर सांगितलंय. गणित करून बघा. ५८ गुणिले ३६ म्हणजे २०८८, १६० गुणिले ५ म्हणजे ८००, उत्तर २.६१. सगळे आकडे लॅबच्या मर्यादेत आणि तरी उत्तर वरच्या गटाच्या उंबऱ्यावर. असं का होतं तर व्रण वाढत गेले की एसजीपीटी उलट खाली येऊ शकतं, आणि प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट अडवून धरते म्हणून ते हळूहळू घसरतात, एकेक बघितलं तर काहीच दिसत नाही. बारीक माणसाला फॅटी लिव्हर होत नाही हा तर मोठाच गैरसमज आहे, आपल्याकडं बारीक हातापायाची आणि पोटात चरबी असलेली माणसं भरपूर आहेत.

आईला घाबरवू नका. २.६१ म्हणजे आजार पक्का असं नाही, वयामुळं पण हा आकडा वाढतो, म्हणून पासष्टच्या पुढं आम्ही १.३ ऐवजी २ धरतो. फायब्रोस्कॅनला सुई नाही, भूल नाही, तीन तास उपाशी राहायचं आणि बरगड्यांवर यंत्र टेकवतात, झालं. लिव्हरचा कडकपणा किलोपास्कलमध्ये येतो, तो ८ च्या खाली आला तर निर्धास्त व्हा. एक मात्र विचारते, हा रिपोर्ट तापात काढलेला नाही ना? पावसाळ्यात डेंग्यू झाला की प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतं, त्या आकड्यांवर हे गणित करूच नये, बरं झाल्यावर महिन्या-दीड महिन्यानं परत रक्त द्यायचं.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, तालमीत असतो. रोज जोर-बैठका, कुस्ती, संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध. एसजीओटी ९२, एसजीपीटी ५८ आलं, घरचे म्हणतात लिव्हर गेलं.

उत्तर : अरे बाळा, एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंत पण भरपूर असतं. जोरदार मेहनतीनंतर ते चढतं आणि एसजीपीटीपेक्षा वर जातं, तुझं तसंच दिसतंय. आठवडाभर मेहनत बंद ठेव, मग परत रक्त दे, त्यात सीपीके (हे स्नायूंचं एन्झाइम) आणि जीजीटी (हे लिव्हरचं, स्नायूंतनं येत नाही) पण सांग. सीपीके चढलेलं आणि जीजीटी नॉर्मल आलं तर ते स्नायूंचंच. फिब-फोर तुझ्यासाठी करू नकोस, पस्तिशीच्या आत ते नीट चालत नाही. आणि तालमीत कुणी पावडर किंवा इंजेक्शन देत असेल तर तुझ्या डॉक्टरला नाव सांग, लपवू नकोस, काही इंजेक्शनं लिव्हरला खरोखर मारतात.