इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅनचा रेडिएटर गावातल्या गॅरेजमध्ये काढून साफ करता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: संकेश्वरहून निपाणीला किराणा मालाच्या फेऱ्या मारता, परत येताना दुपारच्या उन्हात तवंदी घाटात डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह लागतं आणि गाडी ओढेनाशी होते. गावातले मिस्त्री म्हणतात, "रेडिएटर चोक झालाय, काढून अ‍ॅसिडने धुऊ." तर काढू द्यावा का?

रेडिएटर गावात काढता येतो. अ‍ॅसिड मात्र अजिबात लावू देऊ नका. आणि पाना लावायच्या आधी अर्धा तास तपासणीला द्या, कारण माझ्याकडे याच तक्रारीने आलेल्या बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर काढायची गरजच पडली नाही.

मी बेळगावात उद्यमबागेकडे काम करतो. आधी सगळं आयुष्य डिझेल टेम्पोंत गेलं, आता दोन-तीन वितरकांच्या इलेक्ट्रिक गाड्या बघतो. डिझेलच्या अनुभवावर विसंबून आमच्यासारख्या जुन्या मिस्त्रींची एक चूक हमखास होते. डिझेल इंजिनाचं पाणी 90 अंशांच्या आसपास चालतं. बाहेर 38 अंश ऊन असलं तरी पाणी आणि हवा यांच्यात 50 अंशांचा फरक राहतो, म्हणून अर्धी जाळी मातीने भरली तरी टेम्पो कसातरी चालतो. इलेक्ट्रिक गाडीत रेडिएटर हा मोटर, तिला वीज सोडणारा कंट्रोलर आणि गाडीतला चार्जर यांना थंड करतो. त्यांच्यात फिरणारं थंड करायचं पाणी, म्हणजे कूलंट, साधारण 60-65 अंशांच्या आत ठेवावं लागतं, म्हणजे त्याच उन्हात फरक उरतो 25 अंशांचा. उष्णता कमी निघते म्हणून रेडिएटरही लहान दिलेला असतो. त्यामुळे थोडी जाळी बुजली तरी घाटात लगेच जाणवतं. कंट्रोलर स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो, तेच ते कासव. बॅटरी फार उतरली किंवा तापली तरीही कासव येतं, म्हणून शक्य असेल तर आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र) लावून नेमकं काय तापतंय ते बघून घ्या.

स्कॅनर नसेल तर घाट चढून आल्यावर गाडी सपाटीला लावा आणि रेडिएटरला जाणारा व रेडिएटरमधून निघणारा, असे दोन्ही पाइप तपासा. पंख्याजवळ हात घालू नका, तो कधीही सुरू होतो. लांबून तापमान दाखवणारी गन मिळाली तर उत्तमच. दोन्ही पाइप सारखेच तापलेले असतील तर कूलंट फिरतंय पण उष्णता बाहेर जात नाही, म्हणजे जाळी बुजलीय किंवा पंखा बंद आहे. एक पाइप चटका देणारा आणि दुसरा जवळजवळ गार असेल तर प्रवाह कमी आहे, आतून चोक किंवा हवा धरलीय. आणि दोन्ही गार, तरीही कासव, तर पंपाकडे बघा. या गाड्यांत पंप पट्ट्यावर फिरत नाही, 12 व्होल्टवर चालणारा विजेचा पंप असतो. त्याचा फ्यूज गेला किंवा कप्लरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, पाणी शिरून गंज धरला तरी लक्षण अगदी तेच. वीस रुपयांच्या फ्यूजसाठी रेडिएटर उतरवलेला मी पाहिला आहे.

तुमच्या भागाचा विचार केला तर माझा पहिला संशय जाळीवरच आहे. निपाणीत तंबाखूची भुकटी हवेतच असते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे चालताना पाचटाचे तुकडे, कारखान्याजवळ चिपाडाचा भुसा, आणि थंडीत उसाला तुरे आले की त्याचा कापसासारखा फुलोरा. एका गाडीची पुढची जाळी मला वरून स्वच्छ दिसली, पण टॉर्च मागून धरला तर उजेड पलीकडे येईना. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट असते, तिथे हा फुलोरा, भुकटी आणि पावसाळ्यातला चिखल मिळून गोधडीसारखा थर बसला होता. आकड्याने ओढला तर सलग पट्टा निघाला. एवढंच काढलं आणि ती गाडी घाट चढली.

ही सफाई गाडीवरच होते. गाडी पूर्ण बंद, चार्जिंगची गन काढलेली. हवा पुढून मागे जाते, म्हणून पाणी मागून पुढे मारायचं. साधा नळाचा पाइप, थोडं साबणाचं पाणी, मऊ ब्रश, आणि ब्रश फिनच्या, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्यांच्या, दिशेनेच. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर गन नको, फिन आडव्या पडतात आणि पाणी जास्त दाबाच्या केशरी वायरींच्या कप्लरमध्ये शिरतं.

एवढं करूनही फरक पडला नाही, किंवा रेडिएटर गळतोय, तरच उतरवा. वॉरंटी चालू असेल तर मात्र हात लावू नका, कंपनीच्या सर्व्हिसलाच न्या. काही गाड्यांत बॅटरी थंड करायला वेगळं कूलंट आणि वेगळी टाकी असते, त्या बाजूला गावात कुणीही जाऊ नये.

उतरवताना गाडी रात्रभर थंड झालेली असू द्या. चावी काढून लांब ठेवा. 12 व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण चार्जिंग चालू असताना किंवा गाडी बंद दिसत असतानाही पंखा आणि पंप आपोआप सुरू होऊ शकतात आणि बोट जातं. केशरी वायर म्हणजे जास्त दाबाची वीज. 60 व्होल्टच्या वरची डीसी माणसाला धोक्याची धरतात आणि या गाड्यांत त्याच्या कितीतरी पट असू शकते. रेडिएटर काढायला एखादी केशरी वायर किंवा तिचा डबा बाजूला करावा लागत असेल, तर सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा प्लग) काढून, कंट्रोलरमधली साठलेली वीज उतरायला गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबून, मीटरवर शून्य बघूनच पुढे जायचं. हे काम शिकलेला माणूस आणि 1000 व्होल्टचे रबरी हातमोजे नसतील तर तिथेच थांबा. माझ्याकडच्या पोरांना मी हे रोज सांगतो आणि रोज सांगत राहणार.

बाकी काढणं सोपं आहे. खाली स्वच्छ ट्रे लावून खालचा पाइप सोडा. निघालेलं कूलंट मापून लिहून ठेवा, हा आकडा पुढे लागणार आहे. पंख्याचा कप्लर, श्राउड (पंख्याभोवतीचं कव्हर), वरचा पाइप, मग ब्रॅकेटचे बोल्ट. एसीचा कंडेन्सर रेडिएटरवर बसवलेला असेल तर त्याचे गॅसचे पाइप न सोडता तो तारेने पुढे बांधून ठेवा. खालचे रबरी बूश हरवू नका, त्यांच्याशिवाय रेडिएटर थरथरून कडेला चिरतो.

आता अ‍ॅसिडचं. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. टाकी डाग सोडवून उघडायची, नळ्यांतून पट्टी फिरवायची, गरम कॉस्टिकमध्ये बुडवायचा, परत डाग द्यायचा. शहापूर-वडगावकडचे जुने कारागीर यात हुशार होते. तुमच्या गाडीचा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि कडेच्या टाक्या प्लास्टिकच्या, दाबून बसवलेल्या. कॉस्टिक आणि अ‍ॅसिड दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात. आज पाणी मोकळं वाहील, पण नळीची भिंत कागदासारखी पातळ झालेली असेल आणि महिन्या-दोन महिन्यांत पाझरायला लागेल. आतून गरम डिस्टिल्ड पाण्याने उलट-सुलट धुवा, निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. तरी मोकळा होत नसेल तर नवा घ्या. नवासुद्धा बसवण्याआधी डिस्टिल्डने खळबळून घ्या, कारखान्यातल्या जोडकामाचे क्षार आत राहिलेले असतात. गळती तपासताना कॉम्प्रेसरची पूर्ण हवा सोडू नका. झाकणावर जो दाब लिहिलाय त्याच्या वर गेलात तर टाकीची कड उघडते.

पाण्याबद्दल मी हट्टी आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. किटली एक महिन्यात पांढरी होते, तेच या बारीक नळ्यांत होतं. आरओचं पाणीही डिस्टिल्ड नव्हे. कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच प्रकारचं घ्या, रंग बघून नको, कारण हिरवा-गुलाबी रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने घालते. तयार मिसळलेलं असेल तर त्यात थेंबभरही पाणी घालू नका. काही गाड्यांना वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट लागतं, तिथे साधं चालत नाही. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला," असं विचारणारे भेटतात. त्यातली गंजरोधक रसायनंच अ‍ॅल्युमिनियमला वाचवतात, थंडीचा त्यात फारसा संबंध नाही.

आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो परत भरण्याला. पहिल्याच इलेक्ट्रिक गाडीच्या वेळी मी सव्वाचार लिटर काढलं, साडेतीन लिटर भरल्यावर कूलंट भरायची टाकी काठोकाठ दिसली आणि मी झाकण लावून गाडी दिली. दुसऱ्या दिवशी ती काकतीजवळ बंद पडून परत आली. पाऊण लिटर हवा आत अडकली होती आणि पंप कोरडा फिरत होता. तेव्हापासून जेवढं निघालं तेवढं आत गेल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. टाकीची बाजू वर राहील अशी गाडी उतारावर लावा, हवा काढायचा स्क्रू सैल करा, हळूहळू ओता. मग 12 व्होल्ट जोडून स्कॅनरवरून पंप चालवा, नाहीतर गाडी रेडीवर (चालू, पण जागेवर उभी) ठेवा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, पंपाचा खरखर आवाज हळूहळू मऊ होईल. थांबा, भरा, परत चालवा. मला कधीकधी यात दीड तास जातो.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा बांधावर ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री आणि जनावरं चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं ऑइल नेणाऱ्याला विचारा, घेत नसेल तर सर्व्हिस सेंटरला द्या.

भरल्यावर पहिल्या दिवशी रिकामी गाडी जवळपास फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पातळी बघा. थोडी उतरली असेल तर भरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरली तर गळती शोधा. मग माल भरून दुपारी तवंदी चढवा. तरीही कासव लागलं तर त्या वेळचे पाइपांचे दोन आकडे आणि स्कॅनरचा कोड इथेच लिहा, मी बघतो.