घर बघायला नोव्हेंबरात या

तुमचं पत्र सावकाश दोनदा वाचलं. इंग्लंडमध्ये शेफील्डला नोकरी पक्की झालीय, तिथून जवळच्या डोंगरांतल्या ईडेलच्या खोऱ्यात बार्बर बूथ नावाच्या वाडीत एक दगडी घर भाड्याने मिळतंय, फोटो पाहून तुम्ही हरखून गेलाय. वहिनी, सात वर्षांची मुलगी आणि जमलं तर आई, सगळ्यांना घेऊन तिथेच राहावं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच खोऱ्यात २०१६ पासून राहते. माझं माहेर पाटण तालुक्यातलं, त्यामुळे डोंगर, धुकं, पाऊस यातलं काहीच मला नवं नव्हतं. तरीही पहिली दोन वर्षं फार जड गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुम्ही सकाळी सातला घराबाहेर पडाल आणि संध्याकाळी साडेसहाला परत याल. मधले साडेअकरा तास त्या घरात वहिनी असणार आहेत. तुमच्या पत्रात पगार, भाडं, रेल्वे, शाळा सगळं आलं, पण वहिनी दिवसभर काय करतील याबद्दल एक ओळही नव्हती. आम्ही आलो तेव्हा आमच्याही बोलण्यात ती नव्हती, आणि त्याची किंमत मी मोजली. वाडीत राहायचं की नाही हे नोकरीवाल्याने ठरवायचं नसतं, जो मागे घरात उरतो त्याने ठरवायचं असतं.

आता जागेबद्दल. ईडेल हे एक गाव असं नाहीच. नो नदीच्या काठाने पाच वाड्या आहेत : अप्पर बूथ, बार्बर बूथ, ग्राइंड्सब्रुक बूथ, ऑलरब्रुक बूथ आणि नेदर बूथ. बूथ म्हणजे गुराख्यांचा निवारा. मध्ययुगात इथे गुरं राखायला माणसं ठेवलेली असत, त्यांच्या वस्त्यांची पुढे गावं झाली. हे कळलं तेव्हा मला आमच्याकडचे धनगरवाडे आठवले आणि जागा एकदम ओळखीची वाटली. शेतांमधल्या भिंती म्हणजे तर थेट कोकणातले गडगे, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. उत्तरेला किंडर स्काउटचं पठार, ६३६ मीटर. दक्षिणेला मॅम टॉर, ५१७ मीटर, आणि तिथून पश्चिमेकडे गेलेली रशप एजची लांब धार.

ही दक्षिणेची धार लक्षात ठेवा, कारण तुमचं घर नेमकं तिच्या पायथ्याशी आहे. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १३ अंश वर येतो. शेफील्ड शहरात तेवढ्यावर ऊन मिळतं. इथे तेवढ्या उंचीवर डोंगरच उभा आहे. आमच्या मागच्या खोलीत नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ऊन येत नाही. समोरच्या किंडरच्या उतारावर पिवळं ऊन पडलेलं दिसतं, आपण मात्र सावलीत. चारला दिवस मावळतो, सकाळी आठनंतर उजाडतं. पहिल्या वर्षी मी दुपारी दोन वाजता दिवे लावून भाजी निवडत बसायचे आणि कारण नसताना रडू यायचं. आता मी रोज साडेअकराला जेवणाआधी उठून समोरच्या चढावर, ऊन असेल तिथवर चालत जाते. पाऊस असला तरी जाते. पाटणच्या पावसापुढे इथला पाऊस काहीच नाही, पण तो थांबत नाही, नुसता भुरभुरत राहतो.

आणि जून! पावणेपाचला उजाडतं, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तुम्ही पाहिलेले फोटो जूनमधले आहेत हे गवताच्या रंगावरून मी सांगू शकते. म्हणून माझं म्हणणं आहे की घर बघायला नोव्हेंबरात या, तेही मधल्या वारी, आणि दुपारी तीन ते सहा त्या घरात बसून राहा.

घरमालकाला चार गोष्टी विचारा. घर कशावर तापतं? या वाड्यांमध्ये पुष्कळ घरांत गॅसची पाइपलाइन नसते. परसात हिरवी टाकी असते, तिच्यात रॉकेलसारखं तेल भरून ठेवायचं. आमच्या पहिल्याच जानेवारीत टाकी रिकामी झाली. मला वाटलं, फोन केला की सिलिंडरसारखं दुसऱ्या दिवशी येईल. तेलवाल्याने सांगितलं, कमीत कमी ५०० लिटर घ्यावं लागेल आणि टँकर आठ दिवसांनी येईल. आठ दिवस आम्ही तिघं एका खोलीत एका विजेच्या हीटरवर झोपलो. मुलाच्या नाकाचा शेंडा सकाळी बर्फासारखा लागायचा. तेव्हापासून पाव टाकी उरली की मी मागणी नोंदवते, आणि शक्यतो सप्टेंबरात भरून घेते. शेजारपाजारचे मिळून एकदम मागवतात, त्यात दरही कमी पडतो. दुसरं, सांडपाणी कुठे जातं? सेप्टिक टँक असेल तर तो उपसायचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या. तिसरं, पाणी नळाचं की झऱ्याचं? झऱ्याचं असेल तर कौन्सिलने, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाने, केलेल्या तपासणीचा कागद मागा. चौथं, घराच्या अंगणातून पायवाट जाते का? सार्वजनिक पायवाट असेल तर ती अडवता येत नाही. रविवारी माणसं तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जातील, हात हलवतील. मला आता ते आवडतं, पण तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

या पायवाटांचं इथल्या लोकांना किती मोल आहे ते समजून घ्या. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टर-शेफील्डकडचे कामगार तरुण जमीनमालकांचा मज्जाव मोडून किंडरवर चढले, त्यात पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९५१मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते हेच, पीक डिस्ट्रिक्ट. १९६५मध्ये पेनाइन वे नावाची सव्वाचारशे किलोमीटरहून लांब वाट सुरू झाली ती ईडेलमधूनच. म्हणून शनिवार-रविवारी हे खोरं चालायला येणाऱ्यांचं असतं. त्या दिवशी दहानंतर कार बाहेर काढू नका, अरुंद रस्त्यावर समोरासमोर अडकाल. राष्ट्रीय उद्यानामुळे बांधकामाचे नियमही कडक आहेत. भाड्याने राहताना त्याचा त्रास नाही, पण पुढे विकत घ्यायचा विचार असेल तर खिडकी बदलण्याआधीसुद्धा परवानगी लागते का ते विचारावं लागतं.

तुमच्या रोजच्या प्रवासाची मला काळजी नाही. रेल्वे १८९४पासून आहे, साधारण तासाला एक, शेफील्डला अर्ध्या तासाच्या आसपास पोचते. बार्बर बूथपासून स्टेशन वीसेक मिनिटं चालत, पण रस्त्याला दिवे नाहीत, तेव्हा कपाळावर बांधायची बॅटरी घ्या. हिवाळ्यात कधी रेल्वे रद्द होते, ते धरून चाला. खरी अडचण वहिनींची. रेल्वे पकडायला वीस मिनिटं जायची, वीस यायची, हातात पिशव्या, सोबत मूल. इथे कार चालवता आली नाही तर बाई घरात कोंडली जाते. भारतातलं लायसन्स इथे बारा महिने चालतं. त्यानंतर इथली लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, कारण भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून आल्या महिन्यात अर्ज करा. वहिनींना कार येत नसेल तर भारतातच शिकून येऊ द्या. मी शिकले नव्हते. बारा महिने मी नवऱ्याच्या सवडीवर जगले आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या व्हिसावर वहिनींना नोकरी करायची मुभा असेल, तिचा उपयोग करा. पगारासाठी नाही म्हणत मी, माणसांसाठी म्हणते. मी आठवड्यातून तीन दिवस जवळच्या होप गावाच्या बाजूला एका दुकानात लागले आणि सहा महिन्यांत जितकी इंग्रजी बोलले तितकी आधीच्या दोन वर्षांत बोलले नव्हते. हा भाग डार्बीशर परगण्याचा. इथे लोक अनोळखी माणसालाही 'डक' म्हणतात, आपल्याकडे 'बाळा' म्हणावं तसं. पहिल्यांदा ऐकून मी गोंधळले होते.

मुलीची काळजी करू नका. माझा मुलगा इथल्याच प्राथमिक शाळेत शिकला, इवलीशी शाळा, सगळ्यांना सगळे ओळखतात. मोठी शाळा होपला. अर्ज डार्बीशरच्या कौन्सिलकडे करायचा. सर्वांत जवळची योग्य शाळा आठ वर्षांखालच्या मुलाला दोन मैलांपेक्षा आणि मोठ्याला तीन मैलांपेक्षा लांब असेल, तर नेण्या-आणण्याची सोय कौन्सिल फुकट करतं.

आईंबद्दल मात्र स्पष्टच लिहिते, राग मानू नका. तुमच्या नोकरीच्या व्हिसावर त्यांना इथे कायमचं आणता येणार नाही. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत येता येईल, पण तोच पुन्हा पुन्हा वापरून इथे राहता येत नाही. आणायचंच तर एप्रिलच्या शेवटी आणा. तेव्हा कोकरं असतात, उजेड असतो. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा शेजारच्या शेतकरीणबाईंनी गारठलेलं कोकरू खोक्यात घालून त्यांच्या चुलीपाशी ठेवलं होतं. सासूबाई तासभर त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. त्या मराठीत बोलत होत्या, त्या बाई इंग्रजीत, आणि दोघींचं छान चाललं होतं. त्याच सासूबाई पुढे एकदा नोव्हेंबरात आल्या तेव्हा तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, मला घरी पाठव.

पैशांचं थोडक्यात : व्हिसासोबत भरायचा आरोग्यसेवेचा अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितका सगळा आधीच भरावा लागतो. हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना, म्हणजे डॉक्टर-नर्ससारख्यांना, तो नाही, पण तुमची नोकरी इंजिनिअरिंगची आहे. ही रक्कम पाहून पहिल्या वर्षाचं गणित मांडा. कंपनी यातलं काही भरते का, हे सही करण्याआधी विचारा.

आता शेजाऱ्यांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय वाडीत निभत नाही. २६ नोव्हेंबर २०२१च्या रात्री आर्वेन वादळ आलं. आमची वीज गेली, मोबाइलला रेंज नाही, नवरा शेफील्डला अडकलेला. नऊच्या सुमारास दारावर थाप पडली. पलीकडच्या शेतातले म्हातारे गृहस्थ ट्रॅक्टर घेऊन आले होते, हातात थर्मास आणि कोरडी लाकडं. 'चूल पेटवता येते का?' एवढंच विचारलं. मी म्हटलं, येते, मी चुलीपुढेच वाढले. ते हसले आणि पुढच्या घराकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेले. तोवर पाच वर्षं आम्ही फक्त हवामानाबद्दल बोललो होतो.

इथली माणसं आपणहून आत येत नाहीत. आपण काहीतरी हातात घेऊन जावं लागतं. मला वाट सापडली ती फुलांमुळे. डार्बीशरच्या गावांत उन्हाळ्यात विहिरींपाशी पाकळ्यांची चित्रं उभी करून त्या सजवतात. लाकडी फळ्या आधी पाण्यात भिजत ठेवायच्या, त्यावर मीठ घालून मळलेली ओली माती थापायची, चित्राच्या कडा टोचून घ्यायच्या आणि आत पाकळ्या दाबून भरायच्या. मला रांगोळी येते म्हणून मी मदतीला गेले आणि वरून भरायला लागले. शेजारी बसलेल्या आजीने माझा हात धरून खाली आणला. खालून वर लावत जायचं, कौलं शाकारतात तशी, म्हणजे वरची पाकळी खालचीवर येते आणि पावसाचं पाणी ओघळून जातं. त्या दिवशी आम्ही चार तास हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्यांनी आकाश भरलं. घरी येताना मला तीन घरांची आमंत्रणं होती. तोवर मला या खोऱ्यात दोन वर्षं होत आली होती. मी पहिल्याच उन्हाळ्यात गेले असते तर किती बरं झालं असतं.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष शेफील्डमध्ये काढा. मराठी माणसं, भारतीय किराणा, बस, सगळं हाताशी मिळेल. शनिवारी रेल्वेने ईडेलला या, आमच्याकडे जेवा, वाड्या पायी फिरा. वहिनींना लायसन्स मिळू द्या. त्यानंतर त्या स्वतः म्हणाल्या की इथे राहायचं, तर या घरासारखं दुसरं घर मी शोधून देईन. आणि आत्ताच यायचं ठरवलंत तर घर कधी आणि कसं सोडता येईल, हे करारात आधी नीट बघून घ्या.

तुमच्या पत्राचं उत्तर मी दिलंय. यानंतरचं पत्र मात्र वहिनींनी लिहावं. त्यांना काय आवडतं, अंधाराची भीती वाटते का, एकटं राहायची सवय आहे का, हे मला त्यांच्याकडून ऐकायचंय.