हात फ्रेममध्ये आणू नकोस, म्हणाले

प्रिय मावशी,
मी मूळची मिरजेची, वय २५. कॉलेजात असताना एकांकिका केल्या, अभिनयाची दोन बक्षिसंही मिळाली. गेली तीन वर्षं गोरेगावात चौघीजणी मिळून भाड्याने राहतो आणि मी ऑडिशन देत फिरते. मालिकांत आजवर चार कामं झाली. दोनदा मोलकरीण, एकदा भाजीवाली, एकदा नायिकेची मैत्रीण. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच नायिकेच्या बहिणीसाठी लूक टेस्टला बोलावलं. मेकअपदादांनी माझ्या रंगापेक्षा खूप उजळ बेस लावला. मॉनिटरवर चेहरा एका रंगाचा नि हात दुसऱ्या रंगाचे दिसायला लागले, तेव्हा मला सांगितलं, 'हात फ्रेममध्ये आणू नकोस.' भूमिका दुसरीला गेली. को-ऑर्डिनेटर म्हणाला, 'काम छान आहे तुझं, पण रंगाने मार खातेस.' त्यानेच एक क्लिनिक सुचवलं. रंग उजळवायला ग्लुटाथायोनची दहा इंजेक्शनं घ्यायची, त्यासाठी मी पाच हजार ॲडव्हान्सही भरलाय. एका विनोदी कार्यक्रमातून विचारणा आहे, पण त्या स्किटमधले सगळे विनोद माझ्या रंगावर आहेत. आई म्हणते, पुरे झालं, परत ये आणि बी.एड. कर. मी काय करू?
— एक नटी, गोरेगाव

बाळा,

आधी इंजेक्शनचं. घेऊ नकोस. बाकीच्या गोष्टींवर तुझं-माझं मत वेगळं असू शकतं, यावर नको.

रंग उजळवण्यासाठी ग्लुटाथायोनची सुई घेण्याला औषध म्हणून मान्यता नाही. फिलिपिन्समध्ये ही इंजेक्शनं फार चालतात, आणि तिथल्याच औषध प्रशासनाने यकृत, मूत्रपिंड आणि त्वचेच्या गंभीर विकारांचा इशारा दिलेला आहे. एवढं करून जो काही उजळपणा येतो तो टिकत नाही, म्हणजे दहा झाली की पुढची दहा. 'सुई नको तर क्रीम' असंही कुणीतरी सुचवेल. बिनानावाच्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि पारा मूत्रपिंड खराब करतो. दुकानात सहज मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबनी इतक्या मुलींचे चेहरे लाल आणि पातळ करून ठेवले, की २०१८ साली सरकारला अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी करावी लागली. अभिनेत्रीचं भांडवल तिचा चेहरा असतो, आणि हे उपाय तोच खातात. पाच हजार परत माग. नाही दिले तर बुडाले समज, पण त्या पाच हजारांच्या मोहाने पहिली सुई टोचून घेऊ नकोस.

आता तुझ्या हातांबद्दल. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच वाक्याशी थांबले. नटीला हात लपवून काम करायला सांगणं म्हणजे गायिकेला खालचा सा लावू नकोस म्हणण्यासारखं आहे. बहिणीची भूमिका होती ना? बहीण बहिणीची वेणी घालते, ओटी भरते, रागाने ताट सरकवते. हे सगळं टेबलाखाली हात ठेवून कसं करणार होतीस? त्या दिवशी तुझं काम तुझ्या मनासारखं झालं नसेल, तर त्याचा दोष आधी त्या बेसला दे.

बेस कसा लावायचा, हे जाणत्या रंगभूषाकाराला ठाऊक असतं. तो जबड्याच्या कडेला लावून बघतात, गळ्यात मिसळला तर आपला, नाही तर परत. तुला तो मिसळला नाही, कारण त्या पेटीत तुझ्या रंगाचा बेसच नव्हता. आपल्याकडे कितीतरी पेट्यांत तो नसतो. ज्यांना सावळ्या मुली फक्त मोलकरणीच्या भूमिकेत दिसतात, ते तिच्या मेकअपवर कशाला खर्च करतील? उलट सावळ्या नायिकेची गोष्ट सांगायची झाली, की गोऱ्या नटीला काळा रंग फासतात. हे मी पडद्यावर पाहिलंय आणि त्याचा मला अजून राग येतो. नायक सावळा असला तर तो रांगडा. नायिका सावळी असली की 'रूरल लूक'.

हीच गोष्ट प्रकाशाची. सावळी कातडी कॅमेऱ्यात वाईट दिसते, हे सरसकट खोटं आहे. ती उजेड कमी परत फेकते, म्हणून तिच्यासाठी उजेडाचा वेगळा विचार करावा लागतो. सेटवर गोऱ्या चेहऱ्याच्या मापाने लाइट लावून ठेवायचे, मग तुला तिथे उभं करायचं आणि 'डल दिसतेस' म्हणायचं, हा कामातला आळस झाला. स्मिता पाटील सावळी होती. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, तिथून श्याम बेनेगलांच्या नजरेत आली. 'भूमिका'चा कॅमेरा गोविंद निहलानींचा होता. तो चित्रपट पुन्हा बघ, आवाज बंद करून बघ. तिच्या गालाच्या हाडावर उजेड कुठून येतो तेवढंच बघत राहा. त्याच भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या उषा जाधवला 'धग'साठी तोच पुरस्कार मिळाला, २०१२ सालच्या चित्रपटांचा. पण ही नावं सांगून मी तुला खोटा धीर देणार नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या अंतराने नावं बोटांवर मोजून सांगावी लागतात, यातच सगळं आलं. फेअरनेस क्रीमच्या नावातून 'फेअर' २०२० साली गेलं. तुझ्या फोनवर येणाऱ्या कास्टिंगच्या मेसेजमधून गेलंय का?

एक तुझ्या हातात असलेली गोष्ट सांगते. तू घरून पाठवतेस त्या ऑडिशन पांढऱ्या भिंतीसमोर करत असशील, बहुतेक मुली तेच करतात. मोबाइल त्या भिंतीचा पांढरेपणा मोजून उजेड कमी करतो आणि तुझा चेहरा काळवंडतो. विटकरी किंवा करड्या रंगाची चादर लाव, खिडकी एका बाजूला घे, पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड पक्का कर. फोनचा ब्युटी मोड बंद कर, तो तुला न विचारता गोरी करतो आणि मग प्रत्यक्ष भेटीत समोरच्याचा चेहरा उतरतो. तुझ्या रंगाचा चांगला बेस एकदा पैसे खर्चून घे आणि पर्समध्ये ठेव. लूक टेस्टला 'दादा, माझा बेस मी आणलाय, हा लावता का?' इतकंच म्हण. बहुतेक दादा लावतील, त्यांनाही सोपं जातं. आणि हात फ्रेममध्ये ठेव.

आता माझं ऐक. तुझ्या वयाची असताना मी एका नाट्यसंस्थेत मुख्य भूमिकेची तालीम वाचनापर्यंत केली होती. मग एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं, 'आवाज फार सुंदर आहे तुझा, रेडिओवर जा.' मी गेले. रेडिओने मला भरभरून दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वाक्याचा अर्थ मला कळला होता, आणि तरी मी वाद न घालता साडीचा पदर सावरत तिथून उठले. आरशात बघून 'बरोबरच आहे त्यांचं' असं स्वतःला म्हणाले, ते मला अजून सलतं. म्हणून तुला सांगते, डबिंगचं काम मिळालं तर जरूर कर. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात आणि भाडं दर महिन्याला, तेव्हा असं काम हाताशी हवंच. फक्त तोंड लपवायला माईकमागे जाऊ नकोस.

स्किटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. करू नकोस. मोलकरणीची भूमिका वेगळी, तिला नाव असेल, एखादा प्रसंग असेल, तर ती मन लावून कर. पण ज्या स्किटमध्ये तुझं काम फक्त उभं राहून स्वतःच्या रंगावर हसू मागणं आहे, ते एकदा केलंस की पुढचे सगळे फोन त्याच कामाचे येतील. आधी लेखकाला फोन कर. 'हे विनोद काढून मला दुसरं काहीतरी द्या, मी हसवू शकते,' म्हण. लेखक ऐकतात कधीकधी. नाही ऐकलं तर नकार दे. नकाराने महिना अडचणीचा जाईल, हे मला माहीत आहे. म्हणूनच डबिंगचं आधी बघ.

बी.एड.चं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि शिकवणं हे मोठं काम आहे. तुला वर्गात उभं राहावंसं वाटत असेल तर आनंदाने जा, त्यात हार कसली? पण तुझ्या पत्रात वर्गाबद्दल एक शब्द नाही. बेस, मॉनिटर, फ्रेम याबद्दल मात्र पानभर आहे. माझ्या मते अजून वर्षभर थांब. या वर्षात निदान एक नाटक कर, प्रायोगिक असो की राज्य नाट्य स्पर्धेतलं, मानधन कितीही असो. तिथे तू पायापासून डोक्यापर्यंत दिसतेस. वर्षानंतर मला पुन्हा लिही, तेव्हाचा हिशेब तेव्हा मांडू.

आणि आईशी भांडू नकोस. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य तिने तुझ्याबद्दल पाहुण्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, विचार कर. तिला तुझी काळजी वाटते आणि ती तिला येईल तशी बोलते. एक मात्र विचारायचं राहिलं. तुझी दोन बक्षिसं झाली त्या एकांकिका आईने पाहिल्यात का? नाटक ठरलं की पहिल्या प्रयोगाला तिला मिरजेहून बोलावून घे. गाडीचं तिकीट तू काढ, आणि पुढच्या रांगेत बसव.

तुझी,
मावशी